मातीवरचा उजेड : धानोऱ्याच्या रस्त्यावरचा एक दिवस

पहाटे सव्वापाच

फेब्रुवारीतली गडचिरोलीची पहाट अजून बोचरी असते. उठल्यावर पहिलं काम बॅटऱ्यांचं. रात्री चार्जिंगला लावलेल्या दोन्ही बॅटऱ्यांचे दिवे हिरवे झालेत का ते बघायचं आणि मगच चहाचं आधण ठेवायचं. रात्री वीज गेली असेल, तर दिवसाचं सगळं गणित इथेच बदलतं.

बाकी सामान ठरलेलं असतं. कापडी पिशव्या, खुरपी, माती मोजून काढायची स्टीलची नळी, हातोडी, अर्ध्या मीटरची लाकडी चौकट, जीपीएस आणि पेन्सिली. शाई ओलाव्यात पसरते, म्हणून चिठ्ठ्या पेन्सिलीनेच लिहायच्या. एक पिशवीच्या आत टाकायची, एक बाहेर बांधायची. पाठीवरच्या पेटीत स्पेक्ट्रोमीटर. हे यंत्र मातीवर स्वतःचा प्रकाश टाकतं आणि परत आलेला प्रकाश ३५० ते २५०० नॅनोमीटरपर्यंत, एकेका तरंगलांबीचा वेगळा मोजतं. आपल्या डोळ्याला त्यातला साधारण ४०० ते ७०० एवढाच पट्टा दिसतो. मातीबद्दलच्या बऱ्याच गोष्टी त्यापुढच्या न दिसणाऱ्या भागात असतात. तांबड्या रंगाच्या पलीकडेही काहीतरी आहे, हे विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये साध्या थर्मामीटरने दाखवलं. त्याच पलीकडच्या उजेडात आम्ही जंगलाच्या मातीतला कर्ब आणि नत्र शोधतो.

शेतजमिनीसाठी मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून निघते आहे. जंगलाच्या मातीचा असा हिशेब फार उशिरा सुरू झाला. देशातल्या सगळ्या वनविभागांसाठी वनमृदा आरोग्य पत्रिका तयार करायचं काम डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०२० च्या सुमारास हाती घेतलं गेलं. पण एका वनविभागात शेकडो कक्ष असतात, आणि दोन-चार नमुन्यांवरून कक्षाची माती सांगता येत नाही. नमुने वाढवायचे तर रासायनिक तपासणीचा खर्च आणि वेळ दोन्ही आवाक्याबाहेर जातात. प्रकाशाकडे वळायचं कारण हेच आहे.

सकाळी पावणेसात

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणारा रस्ता. गाडी गावापाशी लावून आम्ही थांबतो. वनविभागाची लेखी परवानगी फाइलमध्ये आहे, ग्रामसभेची संमतीही आहे, पण आत कधी जायचं हे ठरवणार वनरक्षक.

"थोडं थांबा जी मॅडम. काल सांजच्या टायमाला नाल्यात पगमार्क दिसले. ऊन वर येऊ द्या."

त्यावर वाद घालायचा नसतो. वैनगंगेच्या दोन्ही बाजूंना, ब्रह्मपुरीपासून गडचिरोलीपर्यंत, वाघाने माणसं मारल्याच्या बातम्या घरोघरी पोचलेल्या आहेत. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप जिल्ह्यात आला, तेव्हापासून त्यांचाही कानोसा घ्यावा लागतो. माती खणणारा माणूस खाली वाकलेला असतो, त्याची नजर जमिनीवर असते. म्हणून आमच्यातला एक जण काहीच करत नाही. तो फक्त चारी बाजूंना बघत उभा असतो. त्याचं काम आमच्या कामापेक्षा कमी नाही.

थांबलेल्या वेळात गावातल्या काकाजींशी बोलणं होतं. त्यांच्या जंगलाचा नकाशा त्यांच्या डोक्यात आहे. कुठे कन्हार, कुठे मोरंड, कुठे खरडी, कुठे बरडी, कुठल्या मातीत पाणी किती दिवस टिकतं आणि तिथे कोणतं झाड सरळ वाढतं, सगळं. मी कागदावर त्यांच्या सांगण्याप्रमाणे रेघा ओढून घेते आणि नमुन्यांच्या जागा त्यावरून ठरवते. सरकारी नकाशा या कामाला पुरत नाही. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोने केलेला महाराष्ट्राच्या मातीचा नकाशा मोलाचा आहे, पण त्याचं प्रमाण १ : २,५०,००० आहे. याच रस्त्यावरच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तो सुमारे १८०० हेक्टर जंगलावर. एवढं मोठं जंगल त्या नकाशावर जेमतेम तीन चौरस सेंटिमीटर भरेल. गावाला हवं असलेलं उत्तर त्या तीन चौरस सेंटिमीटरच्या आत दडलेलं आहे, आणि तिथपर्यंत पायीच जावं लागतं. उपग्रहाकडून त्यात फारशी मदत होत नाही. त्याला वरून दिसतात ती साग-येनाची पानं. पानांखालची माती त्याच्या नजरेला पडत नाही.

काकाजींचा प्रश्न साधा आहे. "दरसाल बांबू काढतो आम्ही. मातीतून काय जाते ते सांगा."

सकाळी आठ

ऊन झाडांच्या बुंध्यांपर्यंत उतरलं की आत शिरायचं. जाळरेषांचं काम झालेलं आहे; १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत वणव्याचा हंगाम धरला जातो, त्यामुळे वनमजूर या दिवसांत सगळीकडे भेटतात. सागाची पानगळ सुरू आहे, मोह अजून फुलायचा आहे.

पहिल्या जागी लाकडी चौकट जमिनीवर ठेवतो आणि तिच्यातला सगळा पालापाचोळा गोळा करून वेगळ्या पिशवीत भरतो. वरची कोरडी पानं, त्याखालचा अर्धवट कुजलेला थर, मग काळसर भुसभुशीत कुजण. खाली माती सुरू होते. शेतातला माणूस पाचोळा बाजूला सारून थेट माती घेईल. जंगलात तसं केलं तर खजिन्याची पेटी बाहेर टाकून रिकाम्या खोलीचं वजन केल्यासारखं होतं. या उष्ण, कोरड्या पानगळीच्या जंगलात पोषणाचं चक्र पान, कुजण आणि मातीचे वरचे काही सेंटिमीटर यांच्यातच फिरत राहतं. पावसाळ्यात कुजण कुजतं, मुळं ते लगेच उचलतात, झाडाच्या पानांत चढवतात आणि उन्हाळ्यापूर्वी ते पुन्हा खाली येतं.

हे चक्र आगीत तुटतं. पाचोळा जळताना नत्र साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे वायू होऊन निघून जाऊ लागतं. पालाश आणि चुना राखेत राहतात, पण राख उतारावर असली तर पहिल्या जोरदार पावसात वाहून जाते. मोहफुलं दिसावीत म्हणून झाडाखाली लावलेली आग, तेंदूला कोवळी फूट यावी म्हणून लावलेली आग, या लहान वाटतात. पण दरवर्षी त्याच जागी लागल्या तर मातीच्या वरच्या थराला पुन्हा भरायला सवडच मिळत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि त्या ग्रामसभेने तेंदूपत्ता न तोडण्याचा निर्णय घेतला. तोडीसाठी होणारी छाटणी आणि आग जंगलाला नको, हा त्यांचा विचार. पत्त्याचं उत्पन्न सोडून दिलेला हा निर्णय मला चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांतल्या सर्वांत शहाण्या निर्णयांपैकी एक वाटतो.

मग खणणं. शून्य ते १५ सेंटिमीटरचा एक नमुना, १५ ते ३० चा दुसरा. एका जागेवर पाच ठिकाणची माती घेऊन कापडावर एकत्र कालवायची, ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच पुन्हा करायचं. वारुळाजवळची माती घ्यायची नाही, गुरं बसतात तिथली नाही, जुन्या जाळाच्या जागेची घेतली तर चिठ्ठीवर तसं लिहायचं. शेवटी स्टीलची नळी हातोडीने ठोकून न हललेली माती काढायची. ती नळी फार महत्त्वाची आहे. तिचं कारण संध्याकाळी येईल.

"इथं साग मोठा नाही होत मॅडम, बरडी हाय. धावडा वाढते," काकाजी खड्ड्यात डोकावून सांगतात. हाताला मुरूम लागतो. सागाला खोल, निचऱ्याची, चुना असलेली आणि आम्लाकडे फार न झुकलेली माती मानवते. ही तशी नाही, हे मला पुस्तकातून ठाऊक आहे. त्यांना झाडं बघून ठाऊक आहे.

सकाळी साडेनऊ

यंत्र सुरू करून अर्धा तास तापू द्यावं लागतं. तेवढ्यात खड्ड्याची भिंत खुरप्याने सपाट करून घ्यायची.

आधी पांढरी चकती. टेफ्लॉनच्या जातीच्या पदार्थाची ही चकती तिच्यावर पडलेला जवळजवळ सगळा प्रकाश परत पाठवते. यंत्र आधी तिच्याकडे बघतं आणि पुढचं सगळं मोजमाप तिच्या तुलनेत करतं. चकतीवर बोट उमटलं तर दिवसभराचे आकडे बिघडतात. म्हणून ती माझ्याशिवाय कोणी उघडत नाही.

मग यंत्राचा हातात धरायचा प्रोब मातीवर टेकवायचा. त्याच्या आत स्वतःचा हॅलोजन दिवा असतो, त्यामुळे सूर्य ढगाआड गेला तरी फरक पडत नाही. काही सेकंदांत तीसेक वाचनं होतात, त्यांची सरासरी पडद्यावर रेघ बनून उमटते. थोडं सरकवून पुन्हा. एका थराची पाच-सहा वाचनं.

जंगलातली ओली माती वाचणं अवघड आहे. पाणी १४०० आणि १९०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश जोरात शोषतं, तिथे रेघेत मोठे खड्डे पडतात, शिवाय सगळी रेघच खाली बसते. ओलावा आणि सेंद्रिय पदार्थ दोन्ही मातीला काळपट करतात, हे बॉवर्स आणि हँक्स यांनी १९६५ मध्येच मोजून दाखवलं होतं. नाल्याकाठची दमट माती म्हणून कर्बाने श्रीमंत दिसू शकते. ओलाव्याचा परिणाम वजा करायच्या गणिती रीती आहेत, त्या आम्ही वापरतो. तरी माझा भर वाळवलेल्या मातीवर असतो. जंगलातल्या वाचनाचा खरा उपयोग दुसरा आहे : माती कुठे बदलते ते जागेवरच कळतं, आणि पुढचा खड्डा कुठे घ्यायचा ते ठरवता येतं.

काकाजींच्या रेघेपलीकडे, त्यांनी मोरंड म्हणून दाखवलेल्या भागात, वाचनाची रेघ सकाळच्या सगळ्या रेघांपेक्षा वेगळी येते. त्यांची सीमा आणि यंत्राची सीमा जुळते. मी त्यांना पडदा दाखवते. ते बराच वेळ बघतात आणि म्हणतात, "हे तर आम्हाले म्हाईत होतं. आता तुमच्या कागदावर आलं."

दुपारी साडेबारा

गाडीत बसून डबा. भात, तुरीचं वरण, जवसाची चटणी. पिशव्या मोजून यादीशी ताडून घेतल्याशिवाय गाडी हलत नाही.

दुपारी दोन

गडचिरोलीतल्या एका महाविद्यालयाची खोली. ट्रेमध्ये कागदावर माती पसरलेली आहे. आज आणलेली उन्हात नाही, सावलीत वाळेल. त्याला काही दिवस लागतात. आज वाचायची ती आधीच्या फेऱ्यांत आणून वाळवलेली. लाकडी खलात हलक्या हाताने ढेकळं फोडायची, खडा चिरडायचा नाही, मुळं वेचायची आणि २ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळायची. चाळणीवर उरलेल्या खड्यांचंही वजन लिहायचं.

इथे दोन जिल्हे शेजारी शेजारी पडलेले असतात. डावीकडच्या ट्रेमध्ये वरोरा-भद्रावतीकडची काळी माती, बेसॉल्टपासून झालेली, चुनखडीचे बारीक खडे असलेली. उजवीकडे धानोऱ्याकडची तांबडी-पिवळी, ग्रॅनाइट आणि नाइस खडकांवरची. मधे वैनगंगेच्या खोऱ्यातली, दोन्हींचं काही ना काही घेतलेली. एवढ्या थोड्या अंतरात एवढे निरनिराळे खडक असलेला मुलूख महाराष्ट्रात विरळा. चंद्रपूरच्या एकाच जिल्ह्यात बेसॉल्ट, चुनखडक आणि कोळसा पोटात असलेले गोंडवना वालुकाश्म आहेत.

काचेच्या बशीत माती समतल करून यंत्राखाली धरते. रेघा येऊ लागतात. तांबड्या मातीच्या रेघेत ९०० नॅनोमीटरच्या अलीकडे-पलीकडे एक रुंद बाक दिसतो. तो लोहाच्या ऑक्साइडांचा; हेमॅटाइट असेल तर बाक थोडा अलीकडे पडतो, गोएथाइट असेल तर थोडा पलीकडे. २२०० च्या आसपासचा खड्डा चिकणमातीचा. तांबड्या मातीत त्याच्या अलीकडे आणखी एक छोटी खाच असते. ती केओलिनाइटची सही. काळ्या मातीत ती खाच नसते, उलट १९०० चा खड्डा वाळवल्यावरही खोल राहतो, कारण फुगणाऱ्या स्मेक्टाइट चिकणमातीच्या थरांत पाणी धरून बसलेलं असतं. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात चिखल होणारी जमीन इथे एका खड्ड्याच्या खोलीवरून ओळखू येते.

हे खड्डे पडतात कसे? रेणूंमधले अणू सतत कंप पावत असतात आणि आपल्या कंपाशी जुळणारा प्रकाश तेवढा शोषून घेतात. मूळ कंप लांब लहरींच्या मध्य-अवरक्त भागात दिसतात. आमचं यंत्र वाचतं त्या निकट-अवरक्त भागात त्यांचे वरचे स्वर ऐकू येतात, म्हणून ते क्षीण आणि एकमेकांत मिसळलेले असतात. सेंद्रिय पदार्थातले कार्बन-हायड्रोजन बंध १७०० आणि २३०० च्या जवळ, नत्राचे बंध १५०० आणि २१०० च्या आसपास आपली खूण सोडतात. नुसत्या डोळ्यांनी या खुणा सुट्या करता येत नाहीत. त्यासाठी गणित लागतं.

आता पालाशाचं. काकाजींचा प्रश्न मुख्यतः त्याचाच आहे, कारण बांबू मातीतून पालाश भरपूर उचलतो. आणि इथे स्पष्ट सांगायला हवं की या पट्ट्यातल्या प्रकाशाला मातीतला उपलब्ध पालाश दिसत नाही. चिकणमातीच्या कणांवर बसलेल्या पालाशाच्या आयनाला कंप पावायला बंधच नसतो. उपलब्ध स्फुरदाचंही तेच. तो इतका थोडा असतो की त्याची खूण उमटत नाही. यंत्र चिकणमाती, लोह आणि कर्ब यांवरून अंदाज बांधतं. कधी तो जुळतो, कधी सपशेल चुकतो. कर्ब, एकूण नत्र आणि चिकणमातीचं प्रमाण यांवर प्रकाशाचा भरवसा धरावा, सामूचा बेताने, स्फुरद-पालाशाच्या आकड्यांवर रसायनाची मोहोर हवीच. एका बटणात बारा घटक सांगणाऱ्या जाहिराती बघताना प्रत्येकाने हा फरक लक्षात ठेवावा.

दुपारी चार

म्हणून शेजारची खोली. दर काही नमुन्यांमागे एक नमुना जुन्या रीतीने तपासला जातो.

कर्बासाठी वॉकली आणि ब्लॅक यांची १९३४ ची पद्धत. एक ग्रॅम माती, त्यावर पोटॅशियम डायक्रोमेट, मग तीव्र गंधकाम्ल. चंबू तापतो, अर्धा तास ठेवायचा, मग थेंबाथेंबाने अनुमापन. जांभळट निळा रंग जाऊन लख्ख हिरवा आला की थांबायचं. प्रत्येक चंबूमागे क्रोमियमचं विषारी पाणी उरतं, ते बेसिनमध्ये ओतायचं नाही, वेगळ्या कॅनमध्ये साठवायचं. प्रकाशाने तपासलेल्या नमुन्यात यातलं काहीच वापरावं लागत नाही. माती जशी होती तशी परत डब्यात जाते. केवळ एवढ्यासाठीही मी या यंत्राची बाजू घेईन.

जंगलाच्या मातीत इथे एक पेच आहे. वणव्यातून आलेला कोळसा डायक्रोमेटला बराचसा दाद देत नाही, म्हणजे रसायन त्याला कमी मोजतं. तोच कोळसा मातीला काळी करतो, म्हणून प्रकाश त्याला जास्त मोजू शकतो. जळलेल्या जागेचे नमुने वेगळ्या चिठ्ठीने का ठेवायचे, त्याचं उत्तर हे.

स्फुरदाला दोन्ही जिल्ह्यांत एकच पद्धत चालत नाही. चुनखडीच्या काळ्या मातीला १९५४ ची ओल्सन पद्धत, आम्लाकडे झुकलेल्या तांबड्या मातीला ब्रे पद्धत. तांबड्या मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात. माती श्रीमंत असूनही झाड उपाशी राहू शकतं. अर्क काढला की त्यात निळा रंग आणायचा आणि तो रंग किती गडद आहे ते मोजायचं. मोजणार पुन्हा प्रकाशच. पालाशासाठी अर्क ज्योतीत फवारला की ज्योत फिकट जांभळी होते, आणि ७६६ नॅनोमीटरजवळचा तिचा उजेड पालाशाचं प्रमाण सांगतो. आपल्या माती परीक्षण केंद्रांत फ्लेम फोटोमीटर वर्षानुवर्षं आहे. प्रकाशाने माती मोजणं आपल्याकडे नवं नाही. मातीला न विरघळवता, न जाळता मोजणं नवं आहे.

आता सकाळच्या नळीचं कारण. प्रयोगशाळेत मिळतो तो आकडा दर किलो मातीमागे. शेताच्या पत्रिकेवर तो दर हेक्टरी किलोमध्ये येतो, आणि ते करताना १५ सेंटिमीटरच्या थरात हेक्टरी २२ लाख ४० हजार किलो माती धरतात. म्हणजे घनसेंटिमीटरला जवळपास दीड ग्रॅम. जंगलातली वरची भुसभुशीत माती बहुधा त्याहून बरीच हलकी, शिवाय तिच्यात खडे. नळीतली माती वाळवून वजन न करता तोच गुणाकार लावला, तर जंगलाच्या पोषणाचा आकडा फुगून येतो. आणि शेतात ०.७५ टक्क्यांवर कर्ब गेला की त्याला भरपूर म्हणतात. जंगलाला ती पट्टी लावून "सगळं उत्तम" असा शेरा मारणं म्हणजे आजाऱ्याला न तपासता घरी पाठवणं.

संध्याकाळी साडेसहा

संगणकापुढे. एका बाजूला रेघा, दुसऱ्या बाजूला रसायनाचे आकडे. त्यांचं नातं गणिताने बसवायचं, मग काही नमुने बाजूला लपवून ठेवून त्यांच्यावर ते नातं तपासायचं. लपवलेल्या नमुन्यांवर जे टिकतं तेवढंच खरं. काळ्या मातीवर बसवलेलं नातं तांबड्या मातीला लावलं की कोलमडतं, हे या कामात पुन्हा पुन्हा दिसतं. लोहाचा बाक कर्बाच्या खुणांवर पडतो आणि आकडे भरकटतात.

कीथ शेफर्ड आणि मार्कस वॉल्श यांनी २००२ मध्ये आफ्रिकेतल्या मातींचा वर्णपट-संग्रह करून हीच वाट दाखवली : आधी त्या मुलखाच्या मातींचं भांडार, मग झटपट मोजणी. आता लहान उपकरणंही आली आहेत. कानपूरच्या आयआयटीने २०२१ मध्ये ५ ग्रॅम माती घेऊन दीड मिनिटात निकाल देणारं उपकरण पुढे आणलं, ही आनंदाची गोष्ट. पण कोणतंही उपकरण भामरागडला किंवा ताडोब्याच्या कडेला नेण्याआधी विचारावं की याला कोणत्या मातीवर शिकवलं आहे. शेतातल्या गाळाच्या मातीवर शिकलेलं यंत्र बरडीवरही आकडा देतंच, आणि तो आकडा छापला की खरा वाटतो.

रात्री साडेआठ

शेवटचं काम ग्रामसभेसाठीचा कागद. आलेख त्यात नसतो. काकाजींनी सांगितलेली मातींची नावं, त्यांच्या नकाशावरच्या जागा आणि प्रत्येकापुढे तीन-चार ओळी : कर्ब कुठे टिकून आहे, कुठे आगीच्या जागी वरचा थर पातळ झाला आहे, बांबूच्या कोणत्या भागात पालाशाची रासायनिक तपासणी दर काही वर्षांनी करावी. पालाशाचा आकडा प्रकाशाचा की ज्योतीचा, तेही लिहायचं. बांबू काढल्यावर पानं आणि शेंडे जंगलातच पडू द्यावेत, कारण पोषणाचा मोठा वाटा त्यांत असतो, एवढं मात्र आजच ठामपणे लिहिता येतं.

वाळलेली, चाळलेली माती झाकणाच्या डब्यात भरून फडताळात ठेवते. डब्यावर जागा, खोली, तारीख आणि जळिताची नोंद. ही माती अनेक वर्षं टिकते आणि उद्याचं यंत्र तिच्यावर शिकवता येतं.

चंद्रपूर-गडचिरोलीत आज कुठे खाण उघडते आहे, कुठे रोपवन लागतं आहे, कुठे ग्रामसभा आपल्या जंगलाचा आराखडा लिहिते आहे. या तिघांनाही विनंती आहे : काम सुरू करण्याआधी त्या जागेची अर्धा किलो माती काढून, वाळवून, नाव-तारीख लिहून ठेवा. वनविभागाने प्रत्येक कक्षाची ठेवावी, जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी ती सांभाळावी, आणि गोंडवाना विद्यापीठाने दोन्ही जिल्ह्यांचा एक खुला वर्णपट-संग्रह उभा करावा. यंत्र नंतर विकत आणता येईल; खणून गेलेली माती परत आणता येणार नाही.